गाळलेला शब्द

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आता एखादा फोन असा असेल, ज्याचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक नाही. आमच्याही घरी आहे. तो माझ्या हातात आला अगदी साध्या कारणाने.

माझा नवरा आणि आमचा नववीतला मुलगा, दोघेही मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर असतात. मार्च २०२५ मधल्या एका संध्याकाळी नवऱ्याने तिथे एका मराठी नाटकाच्या प्रयोगाची माहिती टाकली. मी मुलाला विचारलं, "बाबाची पोस्ट पाहिलीस?" तो म्हणाला, "कुठली?" त्याच्या फोनवर ती नव्हतीच. वायफाय बघितलं, ॲप बंद करून पुन्हा उघडलं. मग त्याचा चेहरा जरा उतरला आणि त्याने फोन आपणहून माझ्यापुढे धरला. फिल्टर नावाचं पान होतं. त्यावर एकच शब्द तीनदा लिहिलेला: रोमनमध्ये, कानडी लिपीत आणि देवनागरीत. मराठी. पुढे पर्याय निवडलेला, पूर्ण लपवा. मुदत, कायमची.

खरं सांगते, मला राग आला. बेंगळुरूत राहून पोराची भाषा टिकावी म्हणून गोष्टीची पुस्तकं आणली, सुट्टीत बेळगावला आजीकडे पाठवलं, आणि यानं तो शब्दच गाळून टाकला! तोंडावर आलेलं वाक्य कसंबसं गिळलं. बरं झालं गिळलं.

ते दिवस आठवा. २१ फेब्रुवारीला बेळगावजवळ एका बस कंडक्टरला मारहाण झाली. मराठीत उत्तर दिलं नाही म्हणून मारलं, अशी तक्रार होती. त्याच रात्री बेंगळुरूहून मुंबईला निघालेली महाराष्ट्राची एसटी चित्रदुर्गजवळ अडवून चालकाला काळं फासलं. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. २२ मार्चला कर्नाटक बंद. रस्त्यावर आमच्या भागात काही घडलं नाही, दूधवाला वेळेवर आला, खालच्या काकूंनी नेहमीसारखा रसमचा डबा पाठवला. पण फोन उघडला की 'हे असेच', 'ते तसलेच'. आमचा मुलगा घरात मराठी बोलतो आणि पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना कानडीत भांडतो. त्यानं जायचं कुठे? त्यानं दार लावून घेतलं.

आता हे मॅस्टोडॉन प्रकरण काय, ते पालकांनी एकदा समजून घ्यावं. इथे एकच कंपनी आणि एकच मालक नाही. आपल्या अपार्टमेंटसारखं धरा: प्रत्येक सोसायटीची कमिटी वेगळी, नियम वेगळे, पण रहिवासी एकमेकांकडे येतात-जातात. अशा सोसायट्यांना सर्व्हर म्हणतात. त्या एकमेकींशी ज्या रीतीने बोलतात, तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. २०१८ पासून ती प्रमाण मानली जाते. युजेन रोश्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन काढलं. आपल्याकडे त्याचं नाव झालं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर बरेच भारतीय तिकडे गेले तेव्हा. लेमी हे त्याच कुळातलं, फक्त तिथे विषयवार गट असतात. जून २०२३ मध्ये रेडिटवर नाराज झालेली मंडळी तिकडे वळली. आपल्या बेंगळुरूचं 'कू' आठवतं? पिवळा पक्षी, त्यात मराठीही होती. जुलै २०२४ मध्ये कंपनीने बंद केलं आणि सगळा बाजार उठला. या सोसायट्यांचं तसं होत नाही. एक बुडाली तरी बाकीच्या चालू राहतात.

पण मालक नाही म्हणजे तक्रार करायला कस्टमर केअरही नाही. सर्व्हर चालवणारा बहुधा नोकरी सांभाळून, रात्री जागून ते करणारा कुणीतरी असतो. नको ते गाळायचं काम त्यामुळे तीन ठिकाणी होतं. पहिलं कमिटीच्या हातात: ती अख्ख्या दुसऱ्या सोसायटीला गेटवर थांबवू शकते. जुलै २०१९ मध्ये 'गॅब' नावाचं, द्वेषासाठी बदनाम झालेलं व्यासपीठ मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर वापरू लागलं, तेव्हा अनेक सर्व्हरनी त्याला असंच तोडलं. म्हणून मूल कुठल्या सर्व्हरवर आहे आणि तिथले नियम काय, हे आधी वाचा. त्यानं काय टाकलं ते नंतर.

दुसरं ठिकाण आपल्या फ्लॅटचं दार. लेमीवर एखादा गट बंद करता येतो. डिसेंबर २०२३ पासून पूर्ण सर्व्हरही बंद करता येतो, पण त्यात गंमत आहे: त्या सर्व्हरवरचे गट दिसेनासे होतात, तिथली माणसं मात्र दुसऱ्या गटात येऊन बोललेली दिसतातच. मुलांना हे कळत नाही, त्यांना वाटतं बटण बिघडलं. आणि गट एकेक करून बंद करत बसणं म्हणजे पावसाळ्यात ओटा पुसण्यासारखं आहे. त्यापेक्षा लेमी उघडल्यावर 'सगळं' दिसू न देता फक्त आपण निवडलेले गट दिसतील असं ठेवावं. आमच्याकडे आठ-दहा गट निवडलेत, त्यातले तीन बुद्धिबळाचे. प्रौढांसाठीचा मजकूर दाखवायचा की नाही, याचं एक बटण असतं. ते बंद ठेवायचं. चौदा वर्षांच्या मुलाशी यावर चर्चा करू नये, असं माझं जुनाट मत आहे. २०२३ चा माहिती-संरक्षण कायदाही अठराखालच्याला मूलच मानतो आणि त्याची माहिती घेण्याआधी पालकांची संमती घ्यायला सांगतो.

तिसरं ठिकाण शब्दांचं. आमचं घोडं तिथे अडलं. शब्दाचा फिल्टर अडाणी असतो. त्याला भांडण कळत नाही, अक्षरं कळतात. 'मराठी' गाळलं की 'मराठीत' आणि 'मराठीला'ही जाऊ शकतं, नाटकही जातं. पण 'मराठ्यांना हाकला' असं कुणी लिहिलं तर ते मात्र खुशाल आत येतं.

आमच्या बेंगळुरूनं याहून मोठी गाळणीही पाहिली आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार, अशा अफवा मोबाइलवर फिरल्या आणि बेंगळुरूच्या स्टेशनवर गुवाहाटीच्या गाडीसाठी हजारोंची रीघ लागली. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. तेव्हा सरकारने साऱ्या देशातल्या घाऊक एसएमएसवर पंधरा दिवसांची बंदी घातली. मुलाला हे सांगितलं, तर त्यानं एवढंच विचारलं, "पंधरा दिवसच?"

त्याच्या त्या प्रश्नावरून मला सुचलं. मॅस्टोडॉनच्या फिल्टरला मुदत घालता येते, अर्ध्या तासापासून आठवड्यापर्यंत. आणि पूर्ण लपवण्याऐवजी 'इशारा देऊन लपवा' असंही म्हणता येतं. मग पोस्टच्या जागी एक पट्टी दिसते, हवं तर उघडा. आम्ही दोघं बसलो. 'मराठी' तिन्ही लिप्यांतून काढलं. त्याऐवजी कंडक्टर, बंद, सीमा असे भांडणाचे शब्द घातले. मुदत एक आठवडा.

मग मी विचारलं, "पण एवढं काय वाचलंस रे तू? कुठल्या गटात?"

तो गप्प. मग म्हणाला, "मॅस्टोडॉनवर थोडंच होतं. जास्त तुझ्या फोनवर."

माझ्या फोनवर म्हणजे आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, सगळे काका-मावश्या. त्या महिन्यात तिथे 'कानडी लोक' या शब्दांनी सुरू होणारं एकही वाक्य चांगलं संपत नव्हतं. मी ग्रुप कायमचा म्यूट करून टाकला होता आणि विषय संपला असं समजत होते. कधी ओटीपी बघायला, कधी आजीशी बोलायला तो माझाच फोन घ्यायचा, हे माझ्या लक्षातही नव्हतं. खालच्या काकूंच्या मुलाबरोबर रोज एकाच बसने जाणाऱ्या पोरानं ते सगळं वाचलं होतं. बाहेरचे 'मराठी' म्हणून शिव्या देतात आणि घरचे मराठीतूनच शिव्या देतात. मधला शब्द त्यानं गाळला, एवढंच.

"तू पण कायमचं नको करूस ना," तो म्हणाला. माझा फोन घेतला, म्यूटचे पर्याय काढले. आठ तास, एक आठवडा, कायम. त्यानं मधला निवडला. मी त्या रात्री ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, खालच्या काकूंच्या रसमबद्दल. कुणी अंगठा दाखवला, कुणी काहीच नाही.

आठव्या दिवशी पहाटे पावणेसहाला उशाशी फोन थरथरला. मोठ्या काकांचा गुलाब, त्यावर दवबिंदू, वर 'शुभ सकाळ'. पाठोपाठ मावशीचा झेंडू. शेजारच्या खोलीतून झोपाळलेला आवाज आला, "आई, तुझी मुदत संपली."