ओस्टरस्खेल्डेच्या मुखाशी वादळी मुक्काम

समुद्राचे आक्रमण आणि मनुष्याने त्याविरुद्ध केलेला बंदोबस्त या दोहोंचा परिचय ज्याला एकाच मुक्कामात करून घ्यावयाचा असेल, त्याने नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात जावे, आणि तेही उन्हाळ्याच्या ऐन गर्दीत नव्हे, तर वादळांचा हंगाम तोंडावर आला असता, सप्टेंबर सरताना जावे.

त्या मुलखात वाटेल तेथे राहुटी ठोकण्यास कायद्याने मनाई आहे. वाळूच्या टेकड्या तर, त्या स्वतःच समुद्राविरुद्धची तटबंदी असल्यामुळे, सर्वथैव वर्ज्य समजाव्यात आणि अधिकृत तळावरच झुडपांच्या आडोशाची जागा मागून घ्यावी. सह्याद्रीत मुरलेल्या भटक्याला धास्ती असते ती पावसाची. येथे धरावयाची ती वाऱ्याची. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करावी, रुंद पात्याच्या लांब खुंट्या वाळूत तिरप्या व खोल ठोकाव्यात, आणि निजण्यापूर्वी दोर पुन्हा एकवार ताणून घ्यावेत. हवामानखात्याचा नारिंगी इशारा निघाला, तर मात्र मुकाट्याने तंबू गुंडाळून पक्क्या छपराखाली जावे. त्यात पुरुषार्थास काही उणेपणा येत नाही.

मुक्कामाचे हे झाले, आता त्या बंदोबस्ताविषयी. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उसळलेल्या समुद्राने या देशातील १,८३६ माणसांचा बळी घेतला, तेव्हा खाड्यांची मुखेच बांधून टाकण्याची तजवीज झाली. परंतु त्यांपैकी ओस्टरस्खेल्डे या खाडीच्या शिंपल्या-कालवांवर उपजीविका करणारे लोक व निसर्गप्रेमी यांनी एवढा गिल्ला केला की, सरकारला आपला बेत बदलून पाण्याला वाट मोकळी ठेवणे भाग पडले. त्यातून ६५ खांबांच्या दरम्यान ६२ पोलादी दरवाजे असलेला, १९८६ साली पुरा झालेला बांध खाडीच्या मुखाशी निर्माण झाला. हे दरवाजे एरवी उघडेच असतात, आणि पाणी ठराविक पातळीहून ३ मीटर चढण्याचा अंदाज असेल तेव्हाच खाली येतात. ते मिटलेले दिसले नाहीत म्हणून हिरमुसणाऱ्याला, माझ्या मते, या बांधाचे मर्मच कळले नाही. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून पाण्याला ऐन ओढ असेल अशा वेळी नेल्त्ये यान्स या कृत्रिम बेटावर पोहोचावे, म्हणजे खांबांमधून समुद्र कसा रोरावत ये-जा करतो ते दिसते. सायकलने जाणाऱ्याने वारा जाताना अंगावर घ्यावा, येताना पाठीवर. (हौशी डच मंडळी याच बांधावर उलट्या वाऱ्यात सायकलींच्या शर्यती लावतात!)

औवरकेर्क येथे, १९५३ चे शेवटचे खिंडार ज्या चार काँक्रीटच्या पेट्यांनी बुजविले त्यांच्याच पोटात, त्या महापुराचे संग्रहालय आहे. ते आधी पाहावे आणि बांध मागाहून. उलट क्रमाने जाणाऱ्यास बांध हा केवळ एक लांबलचक पूल वाटतो.