गोंगाट आणि बिनतारी लहरी

अमेरिकेंत १९८४ सालीं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही चलच्चित्रांची मालिका सुरू झाली. तींतील यंत्रमानव क्षणांत मोटार, विमान वा रेडिओ बनतात. साउंडवेव्ह शत्रूचे संदेश चोरतो; ब्लास्टर रेडिओ होऊन कानठळ्या बसविणारीं गाणीं वाजवितो. १९८५ सालच्या एका भागांत तर पृथ्वीवरील संदेशवहनच बंद पाडण्याचा डाव आहे. मग गाणें फार मोठ्यानें लावलें म्हणजे रेडिओ बंद पडतो काय?

नाहीं. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. निर्वात पोकळींतून तो मुळींच पोहोंचत नाहीं. बिनतारी लहरीला हवा नको, आणि तिचा वेग सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर. शेजारच्या ढोलानें आपले कान किटतील. लहरीचें कांहीं बिघडणार नाहीं. तिला बुडवावयाचें तर तिच्याच कंपनसंख्येवर दुसऱ्या प्रक्षेपकानें अधिक जोराची लहर सोडावी लागते. मग खरा संदेश कोणता, हें आपल्या रेडिओस निवडतां येत नाहीं.

हा केवळ कथेंतला खेळ नव्हे. सोव्हिएत सरकारनें १९४८ पासून, मधून मधून थांबून, परदेशांतून येणाऱ्या रशियन बातम्यांवर घरघराट सोडला. चीननें पुढें लघुलहरींवर ढोल-झांजांचें संगीतच सोडलें. (संगीताचा याहून विचित्र उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं!) शहरांतील अडथळ्याचे प्रक्षेपक दूरवर पोहोंचत नसत, म्हणून पुष्कळ रशियन श्रोते गांवाबाहेर जाऊन, रेडिओस कान लावून, त्या बातम्या ऐकत. १९८८ च्या अखेरीस तो घरघराट थांबला.