वकिलाविना फारकत : कॅलिफोर्नियातील नवागतांसाठी

घर कोठे घ्यावे, शाळा कोणती, भाजणी कोठे मिळते, हे सारे नवागतांना हौसेने सांगणारी आपली मंडळे विवाहविच्छेदाच्या प्रश्नापाशी येताच मौन धरतात. येथे दीर्घकाळ स्थिरावलेल्या आणि त्यांपैकी काहींनी स्वतः ही वाट चाललेल्या कुटुंबांनी जे सांगितले, त्याचे हे संकलन आहे.

या राज्याच्या न्यायालयात वकील नेमण्याची सक्ती नाही आणि १९७० पासून कोणाचा दोष शाबीत करण्याचेही कारण उरलेले नाही; न मिटणारे मतभेद आहेत एवढे नमूद केले की पुरते. मात्र उभयतांपैकी एकाचे वास्तव्य राज्यात सहा महिने व त्या कौंटीत तीन महिने झालेले असावे लागते. नुकतेच आलेल्यांनी कायदेशीर विभक्ततेचा अर्ज करून मुदत भरल्यावर त्यात दुरुस्ती करून घ्यावी. एफएल-१०० हा अर्ज, एफएल-११० हे समन्स आणि अज्ञान मुले असल्यास एफएल-१०५, एवढ्या कागदांनिशी प्रकरण दाखल होते. फी कौंटीप्रमाणे ४३५ ते ४५० डॉलर. ऐपत नसल्यास माफीचाही अर्ज आहे. प्रत्येक कौंटीत फॅमिली लॉ फॅसिलिटेटर विनामूल्य साहाय्य करतो, परंतु तो आपला वकील नव्हे, उद्या तेच साहाय्य तो आपल्या जोडीदारालाही देईल, याचे भान ठेवूनच त्याच्यापाशी बोलावे.

समन्सची बजावणी अर्जदाराला स्वतः करता येत नाही. अठरा वर्षांवरील कोणाही त्रयस्थाने ती करावी. हा त्रयस्थ मंडळाच्या कार्यकारिणीतला नसलेला बरा. बजावणीपासून उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे, आणि सहा महिने लोटल्याखेरीज विवाह संपुष्टात येत नाही. जोडीदार भारतात असेल तर टपालाने समन्स धाडून भागत नाही, कारण हेग कराराखालील टपाली बजावणीस भारताची हरकत आहे. ती भारताच्या विधि मंत्रालयामार्फतच व्हावी लागते आणि तीत महिनोन् महिने जातात. समन्सच्या मागील पानावरचे मनाई हुकूमही वाचावेत, कारण जोडीदाराच्या लेखी संमतीवाचून वा न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलांना राज्याबाहेर नेता येत नाही. दिवाळीला आजोळी जाणेही त्यात आले.

खरी कसोटी लागते ती मिळकतीच्या खुलाशात, आणि तेथेच आपली माणसे अडखळतात. येथे राहत असताना विवाहकाळात मिळवलेली मिळकत, मग ती पृथ्वीच्या पाठीवर कोठेही असो, उभयतांची समाईक मानली जाते. म्हणून कोथरूडचा जो फ्लॅट सासऱ्यांच्या देखरेखीखाली भाड्याने दिलेला असतो आणि ज्याचे हप्ते येथल्या पगारातून गेलेले असतात, तो फ्लॅट, मुदतठेवी आणि पुण्याच्या लॉकरातले सोने हे सर्व एफएल-१४२ वर लिहिणे प्राप्त आहे. माहेरचे स्त्रीधन वेगळ्या मालकीचे म्हणून दाखवावे, पण दाखवावे. लपवलेली मालमत्ता पुढे उघडकीस आली तर न्यायालय ती पूर्णपणे दुसऱ्या पक्षाला देऊ शकते.

ज्यांचा विवाह महाराष्ट्रात हिंदू पद्धतीने झाला आहे, त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशी न्यायालयाने एकतर्फी दिलेला हुकूमनामा भारतात ग्राह्य नाही, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंहराव प्रकरणात घालून दिला आहे. 'न मिटणारे मतभेद' हे कारण त्या कायद्यात नाही. म्हणून दोघांनीही हजर राहून स्वेच्छेने संमती नोंदवावी. जोडीदार तयार नसेल, घरात मारहाण असेल, किंवा पत्नीचा व्हिसा पतीच्या नोकरीवर अवलंबून असेल (अंतिम हुकुमाबरोबर तो आधार संपतो), तर पैसे वाचवण्याच्या भरीस न पडता वकील गाठावा.

अंतिम हुकूम हाती आल्यावर त्याच्या दोन-तीन साक्षांकित नकला लगोलग काढाव्यात आणि एकीवर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टील घ्यावे. पासपोर्टातील जोडीदाराचे नाव काढताना आणि पुढे भारतात पुनर्विवाह नोंदवताना तीच नक्कल मागितली जाते.