पाणी गढूळ आहे, पण कशाने?

मंडळी, पावसाळ्यात तरसाली भागातल्या तलावांत चहूकडून मातीचं पाणी उतरतं. मग तलाव घेणाऱ्यांचे दोनच प्रश्न असतात: बोटुकली सोडू का, आणि खत टाकू का? दोन्हींचं उत्तर पाण्यातल्या बारीक कणांत आहे.

गढूळपणा मोजायच्या यंत्रात काचेच्या कुपीत पाणी भरून त्यातून उजेडाचा झोत सोडतात. कण नसले तर झोत सरळ जातो, असले तर आदळून बाजूला विखुरतो. काटकोनात बसवलेला सेन्सर हा विखुरलेला उजेड मोजतो. आकडा येतो एनटीयूमध्ये. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात १ एनटीयू, दुसरी सोयच नसेल तर ५. कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, म्हणून पुसूनच घाला.

पण कण मातीचे की हिरव्या प्लवंगाचे, हे तो आकडा सांगत नाही. आणि आपला सगळा पैसा त्यातच अडकलेला असतो.

पाणी तांबूस असेल तर ती माती. उजेड आत जात नाही, त्यामुळे प्लवंग वाढत नाही. वर टाकलेल्या सुपर फॉस्फेटमधला फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून बसतो, खत वाया जातं. शिवाय माती पिल्लांच्या कल्ल्यांत भरते. तुरटीने माती खाली बसते खरी, पण पाण्याचा आम्लपणा वाढतो. आधी एका बादलीत करून बघा.

पाणी दाट हिरवं असेल तर खत लगेच थांबवा. रात्री प्लवंगच ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात.

यंत्र नसेल तर २० सेंटिमीटरची पत्र्याची चकती घ्या, चार भाग आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन आणि खुणा केलेली दोरी बांधा. (१८६५ साली इटलीत आंजेलो सेक्की या पाद्र्याने चकतीनेच समुद्राचं पाणी तपासलं होतं.) दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी काढा. हिरवट पाण्यात ३० ते ४० सेंटिमीटर उत्तम. हिरव्या पाण्यात २० च्या खाली आली तर पहाटे तलावावर चक्कर मारा.

आणि हो, विश्वामित्रीच्या काठाला वाकून चकती सोडू नका. तिथे मगरी आहेत.