ब्रेकर वारंवार पडतो तेव्हा

आपल्या वसतिगृहात वाढलेले काही विद्यार्थी आज नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. त्यांच्यापैकी एकाने आम्हांला विचारले, "झोपण्याच्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर लावला की ब्रेकर पडतो. तो काढून साधा बसवावा का?" प्रश्न घरगुती असला, तरी त्याचे उत्तर विज्ञानाच्या वर्गात शिकण्याजोगे आहे; म्हणून ते येथे मांडत आहोत.

आपल्याकडील घरांत एमसीबी व आरसीसीबी ही उपकरणे परिचित आहेत. पहिले, प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पुरवठा तोडते. दुसरे, प्रवाह जमिनीकडे गळू लागला की तोडते. परंतु एक दोष असा आहे, की तो या दोघांच्याही नजरेतून निसटू शकतो. वायर आतून तुटत आली किंवा पलंगाच्या पायाखाली चेंगरली, तर त्या बारीक फटीत ठिणग्यांची माळ सुरू होऊ शकते. यालाच आर्क म्हणतात. फट हा प्रवाहाच्या मार्गातील अडथळा असल्याने प्रवाह वाढत नाही, उलट थोडा घटतो. मात्र त्या जागी हजारो अंश तापमान निर्माण होऊन वायरचे आवरण व जवळचे कापड पेट घेऊ शकते.

हा धोका ओळखण्यासाठी आर्क-फॉल्ट ब्रेकर निर्माण झाला. अमेरिकेच्या विद्युत संहितेच्या 1999 च्या आवृत्तीने नव्या घरांतील झोपण्याच्या खोल्यांसाठी तो आवश्यक ठरवला आणि ही अट 1 जानेवारी 2002 पासून लागू झाली. 2008 च्या आवृत्तीत दिवाणखान्यासारख्या इतर खोल्याही आल्या.

हा ब्रेकर प्रवाह किती आहे एवढेच पाहत नाही. त्याचा आकारही पाहतो. अमेरिकेत प्रवाहाची दिशा सेकंदाला 120 वेळा बदलते. प्रत्येक वेळी प्रवाह शून्यावर येताच आर्क क्षणभर विझतो व पुन्हा पेटतो. त्यामुळे आलेखात शून्याजवळ सपाट पायरी दिसते आणि तीवर उच्च वारंवारितेचा गोंगाट चढतो. आता गंमत अशी, की संगणक व चार्जर यांचे पुरवठा-संच प्रवाह अखंड न घेता झटक्याझटक्याने घेतात. तेथेही शून्याजवळ सपाटी आणि गोंगाट असतो. मंद-तेज करणारा डिमर प्रत्येक लहरीचा तुकडा कापतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीतील कार्बन ब्रशपाशी तर खरोखरीच ठिणग्या उडतात. जवळच्या हौशी रेडिओ-प्रक्षेपकामुळेही काही ब्रेकर पडल्याचे आढळले आहे. खऱ्या व निरुपद्रवी आर्कचा चेहरा इतका सारखा असताना ब्रेकरची कधीकधी फसगत होते. उत्पादकांनी ओळखण्याची पद्धत सुधारत नेली, तरी हा प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही.

मग करावे काय? प्रथम त्या मंडलावरील सर्व उपकरणांचे प्लग काढावेत व ब्रेकर चालू करावा. काहीही जोडलेले नसताना तो पडला, तर संशय भिंतीतील वायरिंगवर किंवा ब्रेकरवर. तेथे परवानाधारक वायरमनच हवा. पडला नाही, तर एकेक उपकरण जोडत जावे. ज्यामुळे तो पडतो, ते उपकरण दुसऱ्या आर्क-फॉल्ट मंडलावर लावून पाहावे. तेथेही तेच घडले, तर आधी त्याची वायर व प्लग तपासावेत. कारण दोष खराही असू शकतो. वायर निर्दोष असून उपकरण एकाच मंडलावर त्रास देत असेल, तर त्या मंडलाची जोडणी तपासून घ्यावी व मगच नव्या आवृत्तीच्या ब्रेकरचा विचार करावा. ब्रेकरवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहणेही हिताचे.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच कळवले: साधा ब्रेकर बसवू नकोस. त्याने तक्रार थांबेल, कारण शोधले जाणार नाही. दहा वेळा खोटी हाक देणाऱ्या राखणदाराला हाकलून दिले, तर अकराव्या वेळी खरी हाक द्यायला कोणी उरत नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत असा राखणदार अजून नाही. म्हणूनच चेंगरलेली वायर, सैल सॉकेट आणि चिकटपट्टी गुंडाळलेला चार्जर आपल्यालाच आपल्या डोळ्यांनी शोधावा लागतो. हे पाहण्याची सवय मुलांना वसतिगृहातच लागावी, अशी आमची इच्छा आहे.