फोड गेला म्हणजे रोग गेला का?



आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही असे पुष्कळांना वाटेल. पण न बोलल्याने घरे नासतात, म्हणून लिहितो.

उपदंशाला आपल्याकडे गरमी म्हणतात. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी गुप्त जागी एक कठीण फोड येतो. तो बहुधा दुखत नाही. स्त्रीला तर आतल्या बाजूस आल्यामुळे दिसतही नाही. औषध घ्या वा न घ्या, तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरतो, आणि इथेच माणूस फसतो. त्या दिवसांत बाजारातल्या वैद्याची पुडी चालू असली की श्रेय पुडीला मिळते! हरळी वरवर खुरपली तर शेत स्वच्छ दिसते, मुळ्या मात्र जमिनीत जिवंतच. पुढे अंगावर, तळहातांवर पुरळ उठते, तेही जाते. मग कित्येक वर्षे काहीच दिसत नाही. कोणाकोणाचे हृदय आणि मेंदू मात्र आतून बिघडत असतात. गरोदर मातेकडून रोग पोटातल्या बाळाला लागतो, कधी बाळ मृत जन्मते.

हे सारे रक्ताच्या साध्या तपासणीने कळते. तिला व्हीडीआरएल म्हणतात. १९४३ पासून या रोगावर पेनिसिलीन वापरतात आणि आजही ते लागू पडते. रोग नवा असेल तर डॉक्टर एकदाच सुई देतात. जुना असल्यास आठवड्याला एक, अशा तीन. पेनिसिलीन सोसत नसेल तर आधी सांगावे.

परम्यात पुरुषाला जळजळ होते, पू येतो. स्त्रीला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. म्हणून नवराबायको दोघांनी तपासून घ्यावे. एकट्याने उपचार घेतला तर रोग पुन्हा घरात येतो. कित्येक भगिनींचा यात काडीचाही दोष नसतो, हे सासरच्यांनी ध्यानात घ्यावे. पापाचा विचार पापनिवेदनाच्या वेळी करू. रक्त तपासणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

ग्वाल्हेरकरांनी जयारोग्य रुग्णालयात त्वचा व गुप्तरोगाच्या डॉक्टरांना भेटावे. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे ती संमतीनेच करायची असते आणि निकाल गुप्त ठेवायचा असतो. संसर्ग ताजा असल्यास निकाल चुकू शकतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. १०९७ या क्रमांकावर फुकट विचारता येते, नाव सांगावे लागत नाही.

गरमीचा उपचार झाल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने रक्त पुन्हा दाखवावे. जोडीदाराचाही उपचार पुरा होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध ठेवू नये.