दोऱ्या मोजून दे

बाय गो, पिंगुळीत बसून वेबसाईट तपासायला तू आता एआय एजंट लावणार म्हणतेस, तर आयुष्यभर टेस्टिंग केलेल्या काकाच्या चार गोष्टी ऐकून ठेव.

ब्राउझर आपोआप चालवायला गुगलने 2017 मध्ये जे अवजार काढलं, त्याचं नाव पपेटीअर. म्हणजे आपला कळसूत्रीवालाच! ते बनवणाऱ्यांतलीच काही माणसं पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेली आणि 2020 मध्ये प्लेराइट आलं. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये ज्या कळसूत्री कलेसाठी पद्मश्री मिळाली, ती तू लहानपणापासून बघतेस. दोरी नसेल तो हात हलत नाही. एजंटलाही पान उघडणं, वाचणं, क्लिक करणं, टाइप करणं एवढ्याच दोऱ्या दे. ईमेल पाठवायची, फाईल पुसायची दोरी नकोच. लॉगिन वेगळं, साईटची प्रतही वेगळी. खऱ्या गिऱ्हाइकांच्या नोंदींत त्याला सोडू नकोस. पानावरचा कुणाचाही मजकूर तो हुकूम समजून बसू शकतो, म्हणून ठरवलेल्या पत्त्यांबाहेरची वाट बंद ठेव.

प्लेराइटचा एमसीपी सर्व्हर, म्हणजे एजंटला ब्राउझर जोडून देणारा दुवा, त्याला एरवी पानाचा फोटो दाखवत नाही, स्क्रीन रीडरला मिळते तशी यादी देतो: हे बटण, त्याचं नाव हे. नुसतं चित्र असलेलं बिननावाचं बटण आलं की एजंट अडखळतो. तेव्हा त्याला जास्त समजावत बसू नकोस, बटणाला नाव दे. तिथे दृष्टिहीन माणूसही अडखळत असतो.

आता माझी चूक सांगतो. एका घरगुती निवास-न्याहारीवाल्याचं बुकिंगचं पान मी एजंटकडून तपासून घेतलं. त्याने कळवलं, बुकिंग झालं. हिरवी पट्टी मीही पाहिली आणि काम संपवलं. मे महिन्यात एक कुटुंब बॅगा, लहान मूल आणि फोनमधली ती हिरवी पट्टी घेऊन दारात उभं राहिलं, आणि वहीत त्यांचं नावच नाही! सर्व्हरने नोंद नाकारली तरी पान हिरवी पट्टी दाखवत होतं. मला अजून ते मूल आठवतं. तेव्हापासून एजंट ‘झालं’ म्हणाला की मी डेटाबेसमध्ये ती ओळ शोधतो. मग मुद्दाम सर्व्हर बंद करून तीच चाचणी पुन्हा चालवतो. तेव्हा ती लाल झाली नाही, तर चाचणीच खोटी.

आणि ‘चाचणी पास करून दे’ असं त्याला कधी सांगू नकोस. तो पान सुधारण्याऐवजी चाचणीच सैल करील. ‘काय बिघडलंय ते दाखव’ असं सांग. पाच सेकंद थांब असंही नको, नोंद दिसेपर्यंत थांब म्हण. पावसात आपल्याकडचं नेटवर्क तुला माहीतच आहे. 1,00,000 चे स्वल्पविराम आणि नावांतली जोडाक्षरं तपासायला विसरू नकोस.

तपासणीची वाट एजंटला एकदा सापडली की साधी स्क्रिप्ट लिहून रोज रात्री तीच चालव. रोज एजंटला कशाला राबवायचं? पान बदललं की बोलाव त्याला.

आज ते होडीच्या तिकिटाचं पान घे आणि जुलैची तारीख टाक. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. पानाने ‘जागा शिल्लक’ म्हटलं, तर मला लगेच फोन कर.